निजोबाच्या पाळण्यात

सोमवारी मला कामावर परत रुजू व्हायचं होतं आणि आमची गुंडी माझ्या खांद्याखेरीज जगात कुठेही झोपायला तयार नव्हती.

गुंडी म्हणजे आमची आठ महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण गोल चेहरा आणि त्यात शेजारी शेजारी दोन काळेभोर डोळे, त्यामुळे ती हुबेहूब शर्टाच्या गुंडीसारखी दिसते. हा शोध तिच्या बापाचा. आता भारदस्त नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघते, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

तिच्या झोपेच्या अटी ठरलेल्या होत्या. खांदा आईचाच हवा, तोही उजवा, आणि खांद्याखालची बाई चालती हवी. मी थांबले की ती डोळे उघडायची. खुर्चीत टेकायला नुसते गुडघे वाकवले तरी तिला कळायचं. बापाच्या खांद्यावर देऊन पाहिलं, तर तो तिच्या आधी झोपायचा. पाळणाघरात आठवडाभर नेऊन पाहिलं. तिथल्या बाईंनी शेवटच्या दिवशी गुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मुलगी फार गोड आहे हो. पण आम्ही जेवायचं कधी?"

राहिल्या सासूबाई. त्यांनी मांडीवर घेऊन पाहिलं, झोळी बांधून पाहिली, पालथं घालून थोपटलं. मी काही मधे पडत नव्हते. फक्त शेजारी उभी राहून सांगायचे, की आई, मान धरा. आई, जरा हळू. आई, थोपटताना तुमच्या बांगड्या वाजतात.

"माझ्या हाताखाली तीन पोरं झोपून मोठी झाली," सासूबाई म्हणायच्या.

"हो आई. पण मान धरा."

तेवढ्यात गुंडी माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरायची आणि मी तिला उचलून उजव्या खांद्यावर टाकायचे. सासूबाई रिकाम्या मांडीवरचं फडकं झटकून घडी करायच्या, जरा जास्तच जोरात.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिसायला स्वच्छ असलेल्या पाण्यात काय वळवळतंय ते शोधायचं, हा माझा धंदा. त्यामुळे मला कशाचीच खात्री वाटत नाही असं नवऱ्याचं म्हणणं. ते खरंही असेल. पण साहेबांनी निरोप पाठवला होता, की सोमवारी आलात तर जागा तुमची, नाही आलात तर मंगळवारी दुसऱ्या कुणाची. ती जागा मला हवी होती. आणि गुंडी दिवसभर जागी राहून, रडून रडून निळी पडलेली मला नको होती. दोन्ही एकदम कसं जमणार, ते मला कळत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं. "निजोबाला दाखवून आणू."

निजोबाचं खरं नावही गुंडीसारखंच भारदस्त आहे, पण ते कुणी घेत नाही. खूप जुनं देऊळ, एका लहानशा गावात, आणि आत देव बाळाच्या रूपात निजलेला. ज्या घरातलं मूल झोपत नाही, त्यांनी ते आणून त्याच्या पायावर घालायचं. सासूबाईंकडे पुरावाही होता. तो त्या वेळी सोफ्यावर पडून घोरत होता.

"हा एवढासा असताना डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही," त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "निजोबाच्या पायावर घातला. तेव्हापासून तू बघतेसच."

बघत होतेच. आमचा माणूस दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून झोपतो. आमच्या लग्नाच्या फोटोंतही त्याचे डोळे बऱ्याच ठिकाणी मिटलेले आहेत आणि त्यात दोष फोटोवाल्याचा नाही.

"देवाने जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसतंय," मी म्हटलं.

"तू चल गं. थट्टा नंतर कर."

मी एकच अट घातली, गुंडीने तिथलं तीर्थ प्यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ती नाही पिणार. तू बाटली घे हवं तर, नमुना घेऊन जा." नवरा झोपेतच हसला.

शनिवारी निघालो. माझी पिशवी गुंडीपेक्षा जड होती. उकळलेलं पाणी, दोन दुपटी, तीन झबली, ओली पुसणी, हात निर्जंतुक करायची मोठी बाटली आणि डासांची जाळी. जाळीवर पिवळी बदकं होती, कारण दुकानात बिनबदकांची जाळी शिल्लक नव्हती.

गाव रस्ता संपतो तिथे होतं. देऊळ काळ्या दगडाचं, बुटकं, इतकं जुनं की पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. दारही असं, की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. पण सभामंडपापलीकडच्या गाभाऱ्याला भलंमोठं कुलूप.

"पुजारी जेवायला गेलेत," दाराबाहेर बसलेली फुलवाली म्हणाली. "तळ्याकाठचं घर. पण मोठ्यांदा हाक मारा हं, ऐकू कमी येतं. देवाला नाही, पुजाऱ्यांना."

सासूबाई पदर खोचून पुजाऱ्यांना आणायला निघाल्या. नवरा म्हणाला, मी गाडी जरा सावलीत लावून येतो. गाडी सावलीतच होती. मला कळलं, हा आता गेला.

मी आणि गुंडी मंडपात उरलो. आत गार होतं, तेलाचा आणि जुन्या फुलांचा वास होता, एका कोनाड्यात समई जळत होती. मी खांबांना फेऱ्या घालायला लागले. गुंडीने थोडा वेळ खांबांवरच्या नर्तकींशी गप्पा मारल्या, मग आवाज बारीक झाला, मग मान माझ्या खांद्यावर जड झाली. झोपली. आता थांबायचं नाही. खांद्याला मुंग्या आल्या, मग त्या मुंग्याही कंटाळून गेल्या आणि हात आहे की नाही तेच कळेना.

आणि तेव्हा मला तो पाळणा दिसला.

गाभाऱ्याच्या दाराशेजारी, तुळईला टांगलेला, लाकडी, खोल, कडेला कोरीव वेलबुट्टी, आत स्वच्छ पांढरी गादी. ओढायला लांब दोरी. आणि रिकामा. माझे डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. किती विचार केलाय लोकांनी! झोप न येणाऱ्या मुलांचा देव, लांबून लेकुरवाळ्या बाया येणार, त्यांचे खांदे भरून येणार, म्हणून देवस्थानाने सोय करून ठेवली. आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीत दहा वर्षं मागतोय, बाळांसाठी साधी एक खोली मिळालेली नाही.

तरी तपासल्याशिवाय मी काही करत नाही. एका हाताने कड्या हलवून बघितल्या. माझी पिशवी आत ठेवून पाळणा जोरात झुलवला. मग ओल्या पुसण्यांनी आतून, बाहेरून, खालून, दोरीसकट पुसून काढला. पुसणं काळंकुट्ट झालं. माझं दुपटं अंथरलं आणि श्वास रोखून गुंडीला खाली ठेवलं. तिने एक डोळा उघडला. मी दोरी ओढली. डोळा मिटला. मी दोरी सोडली. डोळा उघडला. मग दोरी ओढतच राहिले आणि दुसऱ्या हाताने वरून बदकांची जाळी टाकली. खांद्यात रक्त परत यायला लागलं तेव्हा मला रडू आणि हसू एकदमच आलं.

तेवढ्यात बाहेर बस थांबली आणि कर्कश शिट्टी वाजली.

पाळण्यात गुंडी दचकली, दोन्ही हात उडाले, पण जागी झाली नाही. दारातून एक उंच, धिप्पाड बाई वाकून आत आल्या. गळ्यात शिट्टी, डोक्याला पोपटी टोपी. मागोमाग तशाच पोपटी टोप्या घातलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या.

"वाकून या, वाकून! कपाळं सांभाळा. कालच्या देवळात दोघांना टेंगळं आलीत. चपला बाहेर. चपला कुठे काढल्या ते लक्षात ठेवा, मी शोधत बसणार नाही."

"हळू बोला ना," मी कळवळून कुजबुजले आणि पाळण्याकडे बोट केलं.

शिट्टीवाल्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "निजलेत?"

"आत्ताच."

त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. "ऐका. आत्ताच निजलेत. कुणी आवाज करायचा नाही. रांग लावा." अख्खी पोपटी रांग चिडीचूप झाली. एका आजोबांनी खोकला आला म्हणून तोंडात टोपी कोंबली.

मला भरून आलं. काय समजूतदार माणसं! माझ्या सख्ख्या चुलतसासूने आमच्याकडे येऊन झोपलेल्या गुंडीच्या कानात टाळ्या वाजवल्या होत्या. आणि ही परकी माणसं, तान्ह्या पोरीसाठी 'निजलेत' म्हणतात, चवड्यांवर चालतात.

"ताई, तुमचं झालं असेल तर दोरी द्या आता दुसऱ्यांना," शिट्टीवाल्या बाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली दोरी अलगद काढून रांगेतल्या पहिल्या आजींना दिली. आजींनी दोरी आधी डोळ्यांना लावली. मग एकदा ओढली. मग जाळीवर एक शेवंतीचं फूल ठेवलं आणि हात जोडून पुटपुटल्या, "देवा, गुडघे तेवढे बघ रे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाळणा लेकुरवाळ्यांच्या सोयीचा नव्हता. पाळणा देवाचा होता.

"दुपारचा गाभारा बंद असतो ना," शिट्टीवाल्या बाई मागच्यांना समजावत होत्या. "नैवेद्य झाला की बाळदेवाला इथे पाळण्यात निजवतात. ज्याने त्याने एक झोका द्यायचा. ओढाओढ नको."

आता काय करायचं? खरं सांगावं, तर त्या दगडी मंडपात जो कालवा होईल त्याने गुंडीच काय, गाडीतला तिचा बापही जागा होईल. गुंडीला उचलावी, तर ती किंचाळणार. शिवाय देवाच्या पाळण्यातून मी पोर उचलून काढतेय हे अख्ख्या बसला दिसणार. म्हटलं, सासूबाई येईपर्यंत कसंही निभावून न्यायचं. त्या काय ते बघतील. असं मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच वाटलं, ते माझं मलाच नवल.

मी तिथल्या एका आजीजवळ सरकून हळूच एक प्रयत्न केला. "आजी, ते माझं बाळ आहे."

आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "असंच वाटायला हवं गं. मला मेलीला चाळीस वर्षं देवदेव करून आत्ता कुठे तसं वाटतंय."

प्रयत्न संपला.

रांग पुढे सरकायला लागली. पुढच्या आजोबांनी दोरी ओढली ती ट्रकची साखळी ओढावी तशी. पाळणा खांबाला लागता लागता राहिला. मी पुढे झाले. "हळू! मनगटातून ओढायचं, खांद्यातून नाही." आजोबांनी निमूट मनगटातून ओढली. त्यानंतरच्या बाई जाळीखाली हात घालायला निघाल्या. "हात लावायचा नाही. फुलं पायाशी ठेवायची, तोंडावर नाही. वाकून श्वास सोडायचा नाही."

"इथे फार कडक आहे हं," कुणीतरी मागे म्हणालं. आवाजात तक्रार नव्हती, आदर होता.

मला जरा जोर चढला. मी हात निर्जंतुक करायची बाटली काढली आणि दोरीला हात लावायच्या आधी प्रत्येकाला हात पुढे करायला सांगितलं. पहिल्या आजोबांनी तीर्थाला करतात तसा उजव्या हाताचा द्रोण केला. मी दोन थेंब टाकले. हात तोंडाकडे निघाला.

"अहो!" मी त्यांचं मनगटच धरलं. "प्यायचं नाही! चोळायचं!"

"चोळायचं?"

"दोन्ही हातांना."

आजोबांनी वास घेतला, डोळे विस्फारले, भक्तिभावाने हात चोळले आणि उरलेलं टकलावरून फिरवलं. "काय गार वाटलं हो," ते मागच्याला म्हणाले. मग काय, जो तो चोळून झाल्यावर टाळूला लावायला लागला. टोप्या निघाल्या. मी एकेकाच्या हातावर थेंब घालत होते, एका डोळ्याने हात तोंडाकडे जात नाहीत ना ते बघत होते आणि दुसऱ्याने पाळणा.

"देवाच्या पांघरुणावर बदकं आहेत," एक बाई म्हणाल्या.

"काळ बदलला," त्यांचा नवरा म्हणाला.

या सगळ्या धबडग्यात माझं एका गोष्टीकडे जरा उशिरानेच लक्ष गेलं. मी जाळी किंचित वर करून पाहिलं. गुंडी झोपली होती. म्हणजे अशी तशी नाही, तोंड उघडं, मुठी सुटलेल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार. दोरीवर कधी हलका हात, कधी राकट, कधी मधेच थांबून नाक शिंकरणारा. तिला कशाचंच काही नव्हतं. आठ महिने माझ्या उजव्या खांद्यावाचून जिचं पान हललं नव्हतं, ती परक्या माणसांच्या हातांवर बिनघोर घोरत होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या शेजारी काहीतरी टोचलंही, बारीकसं, कॉलरच्या आत राहिलेल्या टाचणीसारखं.

जाळी खाली सोडायला मला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात जाड भिंगांच्या चष्म्याचे एक आजोबा पाळण्यावर वाकले होते.

"श्वास घेतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"देव. पोट हलतंय."

रांग मोडली. सगळ्या पोपटी टोप्या पाळण्याभोवती. एक आजी मटकन खाली बसल्या. कुणीतरी जयजयकारासाठी हात वर केला आणि छाती भरून घेतली. मी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. शिट्टीवाल्या बाईंचा हात सवयीने शिट्टीकडे गेला होता, तो मी दुसऱ्या हाताने पकडला.

"ती देव नाही," मी दोघांनाही धरून कुजबुजले. "ती गुंडी आहे. माझी मुलगी. मला वाटलं पाळणा सगळ्यांसाठी आहे. तुमच्या पाया पडते, पण उठवू नका तिला."

शिट्टीवाल्या बाईंनी जाळी वर केली आणि खात्री करून घेतली. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्या माणसांनी इतका वेळ नमस्कार केले ते..."

"हो."

"आणि डोक्याला चोळलं ते?"

"ते हात धुवायचं."

"तरीच टाळू ठणकतेय," टकलावाले आजोबा म्हणाले.

"मी यांना निजोबाचं दर्शन म्हणून आणलंय," शिट्टीवाल्या बाई दातओठ खात कुजबुजल्या. "तुमच्या मुलीचं नाही!"

"पण मी मागणं मागितलं त्याचं काय?" गुडघेवाल्या आजींनी विचारलं. "ते आता कुणाकडे गेलं?"

आणि नेमके त्याच वेळी दारातून पुजारी आत आले, मागे त्यांची बायको, मागे धापा टाकत सासूबाई. पुजारीणबाईंच्या कडेवर पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"माफ करा!" पुजाऱ्यांनी आरोळी ठोकली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी. घुमटातले पारवे उडाले. "उशीर झाला! देवाला मापाला घरी नेलं होतं!"

सगळ्या मंडपाने एका दमात "श्श!" केलं. पुजाऱ्यांना ते ऐकू आलं नाही, पण पुजारीणबाईंनी पाळणा पाहिला, मला पाहिलं आणि नवऱ्याच्या तोंडासमोर पंजा धरला. लग्नाला बरीच वर्षं झाली असावीत, कारण ते लगेच थांबले.

"नवीन अंगरखा शिवलाय," पुजारीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दर वेळी बाही कमी पडते. मूर्ती वाढत नाही असं हे म्हणतात, पण मग माझी बाही कशी कमी पडते? म्हणून म्हटलं, आज अंगावरच बघू." त्यांनी टॉवेल बाजूला केला. आत पितळेसारखा चकाकणारा बाळदेव, डोळे मिटलेले, अंगठा तोंडात, अंगात केशरी अंगरखा. उंचीला गुंडीएवढाच. "पण हे कोण झोपलंय इथे?"

सासूबाई तोवर पाळण्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी बदकं ओळखली. "अगं बाई!" असं म्हणताना त्यांचा आवाज फुटलाच नाही, नुसतं तोंड उघडलं.

"आई, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आमच्या वेळी पाळणा आत असायचा," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. मी पुढचं ऐकायला मान खाली घातली. पण त्या पाळण्यात वाकून बघतच राहिल्या. "झोपली? आडवी?"

"हो."

"तू न चालता?"

"हो."

यावर सासूबाई सरळ झाल्या, पदर पुन्हा खोचला, दोरी हातात घेतली आणि पाळण्याच्या पुढे अशा उभ्या राहिल्या, की त्यांना ओलांडून पाळण्यापर्यंत जायचं म्हणजे बस आत आणावी लागली असती.

यानंतर जे भांडण झालं, तसं मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही. सगळं कुजबुजत. पुजारी हातवारे करून सांगत होते, की देवाची निजायची वेळ टळून गेलीय, पाळणा मोकळा करा. शिट्टीवाल्या बाई म्हणत होत्या, की आम्हाला अजून तीन देवळं करायचीत, दर्शन काय ते एकदा नक्की होऊ दे. सासूबाई म्हणत होत्या, "माझी नात उठली तर तुमच्या बसमधून घेऊन जा तिला. तीन देवळं ती जागी राहून दाखवेल तुम्हाला." टाळू ठणकणारे आजोबा सासूबाईंच्या बाजूने होते, गुडघेवाल्या आजी देवाच्या. "हळू भांडा," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता.

"अहो, पण देवाला ठेवू कुठे?" पुजारीणबाईंनी विचारलं. "जड आहे. माझा हात भरून आला." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "तुमचं लेकरू याच्या पाळण्यात ना? मग याला तुम्ही घ्या."

"मी?"

"मग काय मी? तुमची उठेपर्यंत घ्या. असंतसं नको, नीट निजवा. मान धरा."

पुजाऱ्यांनी काहीतरी हातवारे केले. पुजारीणबाईंनी उलट जे केले, त्याचा अर्थ मला लागला नाही, पण पुजारी मागे सरकून घाम पुसायला लागले. आणि देव माझ्या हातात आला. भलताच जड, गार. मला तो कसा धरायचा तेच सुचेना. मग हातांनीच ठरवलं, त्याला उचलून उजव्या खांद्यावर टाकलं. त्याचं टोकदार नाक माझ्या मानेत रुतलं. पाय आपोआप चालायला लागले.

पोपटी रांग पाळणा सोडून माझ्या मागे लागली. मी खांबाला वळसा घातला की रांग वळसा घालायची. एकेक जण पुढे येऊन माझ्या पाठीमागून देवाच्या तोंडाला नमस्कार करून जात होता. "चालत्या देवाचं दर्शन!" शिट्टीवाल्या बाई खूश होऊन कुजबुजल्या. "हे दुसऱ्या कुठल्या सहलीवाल्यांनी दाखवलंय का सांगा." गुडघेवाल्या आजींनी आपलं मागणं सुरुवातीपासून पुन्हा सांगितलं, या वेळी पत्त्यासकट.

तेव्हा पाळण्यातून कुरकुर आली.

मी वळले. गुंडीने मान वर केली होती, चेहरा आक्रसला होता, खालचा ओठ बाहेर आला होता. ही शेवटची पायरी असते, यानंतर भोंगा. मी धावले, पण दोन्ही हात देवाखाली अडकलेले. त्याला कुठे ठेवू? जमिनीवर तर ठेवता येत नव्हता. पुजारीणबाई फुलवालीशी बोलायला बाहेर गेल्या होत्या. पुजाऱ्यांना हाक मारून उपयोग नव्हता.

"आई! आई, तिला घ्या, नाही, घेऊ नका, मान..."

"तू तिथेच थांब," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "तुझ्याकडे देव आहे."

त्यांनी दोरी सोडली आणि जाळी काढून टाकली. गुंडीने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान फिरवून मला शोधलं. मी तिला दिसले, पण माझ्या खांद्यावर दुसरंच कुणीतरी झोपलेलं. तिने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. हात पसरले नाहीत. मग पुन्हा आजीकडे पाहिलं, हा काय प्रकार आहे असं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटायला लागल्या. बांगड्या वाजत होत्या. चांगल्या खणखणीत वाजत होत्या. मी जीभ चावून उभी राहिले.

ओठ आत गेला. एक डोळा मिटला. दुसरा थोडा वेळ आजीच्या नथीवर खिळून राहिला आणि मग तोही मिटला.

सासूबाई थोपटायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्या काहीतरी बोलणार असं मला वाटलं आणि बोलल्या असत्या तर ते मला ऐकून घ्यावंच लागलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी किती वाजता निघतेस?"

"आठला."

"बरं."

बसवाले निघून गेले. या वेळी शिट्टी बाहेर जाऊन, रस्त्याच्या टोकाला वाजली. पुजारी कुलूप काढून गाभाऱ्यात शिरले आणि मंडपात आम्ही तेवढ्या उरलो. गुंडी पाळण्यात, सासूबाई पाळण्याशी आणि मी खांबांमधून फेऱ्या घालणारी. माझे डोळे उगाचच भरून येत होते. देव आता तितका गार लागत नव्हता, माझ्या अंगाच्या उबेने कोमट झाला होता. नाकही बोचेनासं झालं होतं. केशरी बाही जरा वर सरकली होती, ती मी ओढून सारखी केली. खरंच कमी पडत होती.

पुजारीणबाई परत आल्या आणि त्यांनी हात पुढे केले. "दमलात हो. द्या आता, आत ठेवते त्याला."

"हळू," मी चालता चालताच म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय."